तासाचा भाव

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या एखाद्या गाळेवाल्याला धंदा कसा चालला आहे असे विचारले, तर उत्तर बहुतेक वेळा यंत्रांच्या संख्येत मिळते. एका साध्या लेथवर सुरुवात केली, मग दुसरा घेतला, पुढे बँकेचे कर्ज काढून सीएनसी आणला, आता व्हीएमसीचे कोटेशन मागवले आहे. या हिशेबामागचे कष्ट खरे आहेत, त्यात शंका नाही. पण हिशेब अपुरा आहे आणि पुष्कळदा तो घातक ठरतो. धातूकाम करणारा छोटा कारखानदार लोखंड विकत नाही. अनेकदा ते लोखंड त्याचे नसतेच. जॉबवर्कला माल गिऱ्हाइकाचा, ड्रॉइंग गिऱ्हाइकाचे, कधीकधी फिक्श्चरसुद्धा त्याचेच. गाळेवाल्यापाशी विकायला असतो तो यंत्राचा तास. या तासाला स्वतःला काय पडते हे ज्याला माहीत नाही, त्याने कितीही यंत्रे मांडली तरी कारखाना पसरतो, वाढत नाही. या पट्ट्यातले बहुतेक गाळे अडतात ते न मोजलेल्या तासापाशी, असे माझे ठाम मत आहे. कामाचा तुटवडा, चिनी माल, सरकारी धोरण ही कारणे त्याच्या मागून येतात.

हे असे का झाले ते समजण्यासाठी पट्ट्याची घडण पाहावी लागते. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आली, १९५३ मध्ये मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी सुरू झाली. यंत्रे बनवणारी यंत्रे इथे घडू लागली. विम्कोचा काडेपेटीचा कारखाना आणि धरमसी मोरारजींचा रसायनांचा कारखाना त्याआधीपासून होते. शहाडला सेंच्युरी रेयॉन उभी राहिली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्या काळात मोरिवली, चिखलोली, आनंदनगर, बदलापूर अशा वसाहती वसल्या. मोठ्या कारखान्यांना रोज काही ना काही लागते: पंपाचा शाफ्ट, गिअरची दुरुस्ती, कन्व्हेअरचा रोलर, टाकीचा फ्लँज. ही गरज भागवायला छोटे गाळे उभे राहिले, आणि मोठ्या कारखान्यांच्या टूलरूममध्ये व सरकारी आयटीआयमध्ये तयार झालेले टर्नर, फिटर, मशिनिस्ट त्यांना मिळत गेले. म्हणजे इथला धातूउद्योग गिऱ्हाइकाच्या दारात जन्मला. कोल्हापूरचे तसे नव्हते. तिथे नदीचे पाणी उपसणाऱ्या ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीतून इंजिने बनू लागली, इंजिनांसाठी फाउंड्री आल्या, आणि स्वतःच्या नावाचा माल विकण्याची सवय लागली. अंबरनाथच्या हाताला मायक्रॉनची सवय लागली, पण भाव सांगायची लागली नाही. भाव समोरचा सांगत आला.

आता एका तासाचा हिशेब मांडून पाहू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत. समजा एक सीएनसी लेथ सगळे धरून २० लाखांना पडला आणि तो आठ वर्षे चालेल. झीज वर्षाला अडीच लाख, कर्जावरचे सरासरी व्याज एक लाख, म्हणजे महिन्याला साधारण २९ हजार. गाळ्याच्या भाड्यातला त्याचा वाटा १२ हजार, दोन पाळ्यांचे दोन ऑपरेटर ४० हजार, वीज १२ हजार, इन्सर्ट, कूलंट, तेल आणि देखभाल २० हजार, तपासणी, हिशेब, ऑफिस यांचा वाटा २२ हजार. बेरीज १ लाख ३५ हजार. आठ तासांच्या दोन पाळ्या आणि २५ दिवस धरले तर ४०० तास होतात. भागाकार केला की तासाला सुमारे ३३८ रुपये येतात. बाजारात ४०० चा दर चालू असेल, तर मालक समजतो की तासामागे ६२ रुपये सुटतात. प्रत्यक्षात यंत्र ४०० तास धातू कापत नाही. सेटिंग, मालाची वाट, पहिल्या पीसची तपासणी, वीज जाणे, ऑपरेटरची दांडी हे सगळे वजा करून कापणीचे २४० तास उरले, तर तोच तास ५६२ रुपयांना पडतो. म्हणजे ४०० ला काम घेताना प्रत्येक तासाला १६२ रुपये पदरचे जात आहेत. हे नुकसान लगेच दिसत नाही, कारण झीज रोख मागायला येत नाही. ती आठ वर्षांनी येते, यंत्राची अचूकता गेलेली असते आणि नवे घ्यायला खात्यात काही नसते. दोनचार गाळे नव्हे, आनंदनगरपासून उल्हासनगरच्या कॅम्पांपर्यंत कित्येक गाळे या एका कारणाने एका पिढीत थांबतात.

मधले १६० तास जातात कुठे, हे यंत्रापाशी उभे राहिल्यावर कळते. जॉब बदलायचा असतो. चकचे सॉफ्ट जॉ काढून नवे बसवायचे, ते बोअर करायचे, टरेटवरची टूल बदलायची, ऑफसेट भरायचे, प्रोग्राम चढवायचा, पहिला पीस दबकत चालवायचा, मोजायचा, ऑफसेट सुधारायचा, दुसरा पीस, मग पास. यात बोअरिंग बार कुणीतरी दुसऱ्या यंत्रावर नेलेला असतो, ॲलन की सापडत नाही, मायक्रोमीटर ऑफिसच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली शेठच्या खिशात. असे दोन तास जातात. बॅच २० नगांची, एका नगाला सहा मिनिटे, म्हणजे कापणीही दोनच तास. कोटेशन मात्र सहा मिनिटांचे दिलेले असते: ४०० च्या दराने नगाला ४० रुपये. खरा वेळ नगाला बारा मिनिटे लागला. जपानमध्ये शिगेओ शिंगो या औद्योगिक अभियंत्यांनी याच प्रश्नाला हात घातला. टोयोटात हजार टनी प्रेसचा डाय बदलायला चार तास लागत. १९६९-७० च्या सुमारास तो वेळ आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला गेला. त्यांची मूळ कल्पना कुठल्याही मेस्त्रीला पटेल अशी आहे: यंत्र थांबवूनच करावे लागते ते काम वेगळे काढा आणि यंत्र चालू असताना करता येते ते आधीच करून ठेवा. पुढच्या जॉबची टूल, जॉ, गेज, ड्रॉइंग एका ट्रॉलीवर मांडून ठेवली, तर वरच्या उदाहरणातले ४० तास परत मिळणे अशक्य नाही. वीज आणि इन्सर्टचा खर्च थोडा वाढेल, तरी तासाची पडत ५६२ वरून ५०० च्या आसपास येते. त्यासाठी २० लाख लागत नाहीत. एक ट्रॉली लागते आणि मालकाने आठवडाभर यंत्राशेजारी घड्याळ घेऊन उभे राहावे लागते.

तास वाया जाण्याची दुसरी वाट मोजमापातून जाते, आणि ती अधिक महाग आहे, कारण तिथे तासाबरोबर मालही जातो. २५ मिलिमीटरचा शाफ्ट एच-६ मध्ये मागितला असेल, तर व्यास २४.९८७ ते २५.००० च्या मध्ये हवा. सूट १३ मायक्रॉनची. गाळ्यात सर्रास वापरला जाणारा व्हर्नियर ०.०२ मिलिमीटर, म्हणजे २० मायक्रॉनच्या पायऱ्यांनी मोजतो. ज्या साधनाची एक पायरी सगळ्या सुटीपेक्षा मोठी, त्याने हा जॉब पास करणे म्हणजे डोळे मिटून शिक्का मारणे. मायक्रोमीटर घेतला तरी आणखी एक फसवणूक उरते. पोलादाचा एक मीटर एका अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतो. नुकताच कापलेला शाफ्ट खोलीपेक्षा २५ अंशांनी गरम असेल, तर २५ मिलिमीटरच्या व्यासात सुमारे ७ मायक्रॉनची वाढ असते. गरम असताना बरोबर भरलेला जॉब गिऱ्हाइकाच्या टेबलावर थंड होऊन अंडरसाइझ निघतो. मग रिजेक्शन, वाहतूक, पुन्हा सेटिंग, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुढच्या ऑर्डरीत दर पाडून मागण्याचा हक्क समोरच्याला मिळतो. मोजण्याच्या साधनांवरचा खर्च हा आपल्याकडे मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटसाठी करायचा खर्च मानला जातो. माझ्या मते दुसऱ्या यंत्राच्या आधी घ्यायची वस्तू ती आहे.

मालाचेही तसेच. हाच शाफ्ट ३२ च्या बारातून काढला तर सुमारे ३९ टक्के लोखंड चिप्स होऊन जाते; २८ च्या बारातून काढला तर २० टक्के. बाजारात २८ चा बार त्या दिवशी मिळाला नाही म्हणून ३२ चा आणला, एवढ्या कारणाने माल जातोच, वर तो जास्तीचा धातू कापायला यंत्राचे तासही जातात.

इथवरचे सगळे गाळ्याच्या आतले झाले. बाहेरची गळती अडकलेल्या बिलांची. महिन्याला पाच लाखांची बिले करणाऱ्या गाळ्याचे पैसे ९० दिवसांनी येत असतील, तर कायम १५ लाख रुपये गिऱ्हाइकाकडे असतात. १२ टक्के व्याजाने त्यांची किंमत महिन्याला १५ हजार, म्हणजे विक्रीच्या ३ टक्के. नफा ८ टक्के सुटत असेल तर त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त इथेच जातो. शिवाय जीएसटी बिलाच्या तारखेवर भरावा लागतो, पैसे आल्यावर नाही. हजारो कोटींची उलाढाल असलेली कंपनी आनंदनगरच्या गाळ्याच्या पैशावर बिनव्याजी चालते, हे आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही गैर आहे असेही वाटेनासे झाले आहे. या बाबतीत अंबरनाथने शेजाऱ्याकडे पाहावे. फाळणीनंतर सर्वस्व गमावून कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी, ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळालेल्या वसाहतीत, भांडवलाशिवाय बाजार उभा केला. तो थोड्या नफ्यावर पैसा लवकर फिरवण्याच्या शिस्तीने उभा राहिला. वर्षातून चार वेळा फिरणारे भांडवल आणि बारा वेळा फिरणारे भांडवल यांत तिप्पट फरक असतो, हे तिथल्या दुकानदाराला कुणी शिकवावे लागत नाही. मायक्रॉन अंबरनाथला कळतो, फिरत उल्हासनगरला कळते. दोन्ही एका गाळ्यात क्वचितच नांदतात.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा: पैसे मागितले की काम जाते. कायदा तर आहेच. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटींची गुंतवणूक आणि दहा कोटींची उलाढाल अशी झाल्याने इथले बहुतेक गाळे त्यात बसतात. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही तरतूद घातली: मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही. हे लागू होताच, मोठे खरेदीदार नोंदणी नसलेल्यांकडे वळतील अशी भीती २०२४ मध्ये व्यापारी संघटनांनी बोलून दाखवली. भीती खोटी नव्हती. ज्याचा ८० टक्के धंदा एका गिऱ्हाइकावर आहे, त्याला कायद्याचे कलम दाखवणे परवडत नाही, हे मी मान्य करतो.

पण म्हणूनच एका गिऱ्हाइकावरचे हे अवलंबन तोडणे हीच पहिली दुरुस्ती ठरते, आणि ती तासाचा भाव कळल्याशिवाय होत नाही. कोणता गिऱ्हाईक तासाला किती ठेवून जातो हे कागदावर आले की, उशिरा पैसे देणारा मोठा गिऱ्हाईक अनेकदा तोट्यातला निघतो आणि त्याला सोडण्याची भीती कमी होते. दुसरी वाट ट्रेड्सची, म्हणजे थकलेली बिले बँकांकडून वटवून घेण्याच्या ऑनलाइन व्यासपीठांची आहे. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना या व्यासपीठांवर ३१ मार्च २०२५ पर्यंत नोंदणी बंधनकारक करण्यात आली. खरेदीदाराने तिथे बिल मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे काही दिवसांत हातात येतात. मात्र नोंदणी करणे आणि बिल चढवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक कंपन्या पहिली करून दुसरी टाळू शकतात. इथे एकेकट्या गाळ्याचा आवाज चालत नाही. अतिरिक्त अंबरनाथ औद्योगिक वसाहतीतल्या उत्पादकांची 'आमा' ही संघटना आहे, अन्य वसाहतींतही संघटना आहेत. रस्ते, पाणी, वीज यांसाठी त्या बोलतात तसेच त्यांनी आपल्या सभासदांच्या थकलेल्या बिलांसाठी बोलले पाहिजे. एका सभासदाचे पत्र गेले की काम काढून घेता येते. संघटनेचे पत्र गेले की ते कुणा एकाचे राहत नाही.

दुसरा आक्षेप: दर बाजार ठरवतो, पडत मोजून काय उपयोग? राजकोटचा माणूस कमीत करून देतो, शेजारचा गाळा त्याहून कमीत. दर बाजार ठरवतो हे खरे, पण कोणते काम घ्यायचे ते आपण ठरवतो. आणि हा बाजार म्हणजे तरी कोण? ज्यांना आपली पडत माहीत नाही अशा शंभर गाळ्यांनी अंदाजाने सांगितलेले आकडे. त्यांतला प्रत्येक जण शेजाऱ्याचा दर पाहून आपला सांगतो, आणि शेजारीही तेच करत असतो. वीस नगांच्या बॅचला सेटिंगचा आकार वेगळा लावला आणि दोनशे नगांना नगाचा दर खाली आणला, तर समजूतदार खरेदी अधिकारी ते नाकारत नाही. कारण त्याचाही त्यात फायदा असतो. तुटपुंज्या दरात अडकलेल्यांपैकी किती जणांनी असा दोन भागांत दर सांगून पाहिला आहे?

तिसरा आक्षेप यंत्राच्या बाजूचा आहे आणि तो अर्धा खरा आहे. काही कामे जुन्या यंत्रावर होतच नाहीत. संरक्षण, वैद्यकीय उपकरणे किंवा निर्यातीचे काम मिळवायचे तर नवे यंत्र आणि त्याच्या तोडीचे मोजमाप लागते. सरकारी खरेदीत केंद्रीय उपक्रमांनी २५ टक्के माल सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा असे धोरण आहे. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या, त्यांत अंबरनाथची निर्माणी यंत्र इंडियाकडे आणि प्रोटोटाइप फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेली; हे गिऱ्हाईक गाळ्यांच्या वेशीवरच आहेत. तेव्हा यंत्र घ्यावे. पण हाताशी असलेल्या यंत्राचे कापणीचे तास निम्म्यावर असताना दुसरे घेणे म्हणजे रिकामे तास दुप्पट करणे आणि हप्ता मात्र पूर्ण भरणे. तारणाविना कर्ज मिळवून देणाऱ्या हमी योजनेची मर्यादा २०२५ मध्ये दहा कोटींपर्यंत गेली, हे चांगलेच झाले. कर्ज सोपे झाले की हिशेबाची गरज वाढते.

स्वतःच्या मालाबद्दलही बोलायला हवे, कारण जॉबवर्क सोडा आणि प्रॉडक्ट काढा हा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. सल्ला योग्य आहे, क्रम चुकीचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे शेतकरी तो घेईनात, आणि पहिले नांगर विकायला दोन वर्षे गेली. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली तीही औंधच्या संस्थानिकांच्या आधाराने. आजच्या गाळेवाल्याला औंधकर भेटणार नाहीत. ती दोन वर्षे त्याला आपल्याच तासांतून साठवावी लागतील. तोवर एक मधला टप्पा गाठता येतो: नुसते टर्निंग न विकता पूर्ण भाग विकायचा. टर्निंग आपले, ग्राइंडिंग शेजाऱ्याचे, हीट ट्रीटमेंट तिसऱ्याची, तपासणीचा अहवाल आपला आणि बिल एक. टोकियोच्या ओटा भागात छोट्या कारखान्यांनी हेच केले. आपल्याकडे नसलेले काम शेजाऱ्याकडून करून घेत त्यांनी एकत्र ऑर्डरी पुऱ्या केल्या. १९८० च्या दशकात तिथे असे नऊ हजारांवर कारखाने होते. पुढे जमिनीचे भाव आणि वारसांचा अभाव यांनी ती संख्या खूपच खाली आली.

हेच दोन धोके इथेही दारात आहेत. अंबरनाथ आणि बदलापुरात घरांची मागणी अशी वाढली आहे की गाळा चालवण्यापेक्षा जागा विकणे किंवा भाड्याने देणे जास्त फायद्याचे, असा हिशेब मुलगा बापाला सहज मांडून दाखवतो. त्या मुलाला भावनेने अडवता येणार नाही. बापाच्या हातात यंत्राच्या तासांची वही असेल आणि तास काही ठेवून जातो हे त्यातून दिसत असेल, तरच तो थांबेल. ती वही अवघड नाही. यंत्रापाशी एक कागद, त्यावर ऑपरेटरने लिहायचे: जॉब कोणता, सेटिंग कधी सुरू आणि कधी संपले, चांगले नग किती, यंत्र कशासाठी थांबले. धावपळीत हे कोण लिहिणार असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की ऑपरेटर पाळीच्या शेवटी नग लिहितोच. आणखी दोन रकान्यांचा प्रश्न आहे. आयटीआयच्या टर्नर आणि मशिनिस्टच्या मुलांनाही तासाची पडत काढायला शिकवायला हवे, कारण उद्याचे गाळेवाले त्यांच्यातूनच यायचे आहेत.

यंदा लक्ष्मीपूजनाला वहीपूजन कराल तेव्हा जमाखर्चाच्या वहीशेजारी प्रत्येक यंत्रासाठी एक साधी वही ठेवा आणि पाडव्यापासून तीत लिहायला लावा. तीन महिने लिहून होईपर्यंत नव्या यंत्राच्या कोटेशनवर सही करू नका.